आत्महत्या, धर्म आणि समाज

दोन वर्षांपूर्वी आठवीतील एका मुलाने रविवारच्या धर्मशिक्षणाच्या तासानंतर मला एक प्रश्न विचारला. त्याचे वडील काही महिन्यांपूर्वी वारले होते. ते कसे वारले हे आम्हां सर्वांना ठाऊक होते, परंतु त्याविषयी कोणी बोलत नसे. बाकीची मुले पांगल्यावर तो फळ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, “सर, बाबा नरकात गेले का?” मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, “असले काही मनात आणू नये. जा, आई वाट पाहत असेल.” तो गेला. मी उत्तर टाळले हे त्याला कळले होते. त्यानंतर या विषयावर जे मिळेल ते मी वाचत गेलो. त्यातले काही आज आपणांसमोर ठेवीत आहे.

प्रथम आपल्या भाषेकडेच पाहू. ‘आत्महत्या’ या शब्दात ‘हत्या’ आहे, म्हणजे अपराध शब्दातच बसलेला आहे. घरगुती बोलीत मात्र आपण ‘त्याने जीव दिला’ असे म्हणतो. आणि अगदी जवळच्या माणसाविषयी बोलायचे झाले तर तेही टाळून ‘जिवाचे काही बरेवाईट करून घेतले’ असे म्हणतो. वर्तमानपत्रांना ‘जीवनयात्रा संपवली’ हा प्रयोग प्रिय आहे. मला तो मुळीच आवडत नाही, कारण त्यात एखादे पुण्यकर्म पार पडल्याचा भास होतो. एकाच घटनेला न्यायालयाचा, शेजाऱ्याचा आणि आईचा असे तीन निरनिराळे शब्द आहेत.

या घटनेकडे न्यायाधीशाच्या किंवा धर्मगुरूच्या नव्हे, तर समाजशास्त्रज्ञाच्या नजरेने पाहणारा पहिला मोठा ग्रंथ एमिल दुर्खीम या फ्रेंच पंडिताने १८९७ साली प्रसिद्ध केला. दुर्खीम १८५८ साली एपिनाल या गावी एका ज्यू धर्मगुरूच्या घरी जन्मला, पुढे त्याने स्वतः धर्माचरण सोडले, तथापि धर्म म्हणजे काय हा प्रश्न त्याला आयुष्यभर सुटला नाही. त्याचा मूळ प्रश्न साधा होता. स्वतःचा प्राण घेणे हे माणसाचे अत्यंत खाजगी कृत्य. मग प्रत्येक देशातील अशा मृत्यूंचे प्रमाण वर्षानुवर्षे जवळजवळ तेच कसे राहते? माणसे बदलतात आणि आकडा मात्र बदलत नाही. तेव्हा त्या आकड्याचे कारण व्यक्तीत नसून समाजाच्या घडणीत असले पाहिजे, असे त्याने मांडले.

युरोपातील सरकारी आकडे त्याने धर्मवार लावून पाहिले. प्रॉटेस्टंट प्रदेशांत हे प्रमाण अधिक आणि कॅथलिक प्रदेशांत कमी आढळले. स्वित्झर्लंडमध्ये तर एकच भाषा बोलणाऱ्या परगण्यांतही हा भेद दिसला. आता कोणी म्हणेल की कॅथलिक धर्मात आत्महत्येला कडक मनाई आहे, म्हणून असे झाले. दुर्खीमने हे उत्तर ताबडतोब खोडून काढले. मनाई दोन्ही पंथांत सारखीच कडक होती. उलट ज्यूंच्या धर्मग्रंथांत अशी स्पष्ट मनाई नसताना त्यांच्यात हे प्रमाण बहुधा सर्वांत कमी होते. म्हणून त्याचा निष्कर्ष असा की धर्म माणसाला वाचवतो तो आज्ञेमुळे नव्हे, तर समूहामुळे. प्रॉटेस्टंट भाविक आपल्या धर्मग्रंथासमोर बराचसा एकटा उभा असतो, तर कॅथलिक माणसाभोवती पापनिवेदन, सण, मिरवणुका, मृतांसाठीच्या प्रार्थना यांचे जाळे असते. छळाने एकत्र आलेल्या ज्यू समाजात ते जाळे आणखी घट्ट विणलेले होते.

हे वाचताना कॅथलिक या नात्याने मी आधी सुखावलो आणि मग जरा खट्टू झालो. मी इतकी वर्षे शिकवीत असलेली धर्मतत्त्वे नव्हे, तर फेस्ताच्या दिवशीची पंगत माणसाला तारते, असाच याचा अर्थ होता! पण विचार केल्यावर वाटले की पंगतही काही थोडी गोष्ट नव्हे.

दुर्खीमने चार प्रकार सांगितले. समाजाशी धागा तुटल्याने होणारी पहिली. समाजात व्यक्ती पूर्ण विरघळून गेल्याने होणारी दुसरी. दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण म्हणून त्याने आपल्याकडील सतीची चाल दिली आहे. १७७२ साली थेऊरला थोरल्या माधवरावांमागे रमाबाई सती गेल्या, त्यांचे वृंदावन पाहताना आपण हात जोडतो. परंतु तेथे इच्छा कोणाची होती, बाईची की भोवतालच्या समाजाची, हा प्रश्न दुर्खीम वाचल्यावर मनातून जात नाही. कायद्याने ती चाल १८२९ साली बंद झाली. तिसरा प्रकार, जुने नियम मोडून पडतात आणि नवे रुजलेले नसतात तेव्हाचा. एकाएकी आलेली आर्थिक मंदीच नव्हे, तर एकाएकी आलेली भरभराटदेखील माणसाचा तोल घालवते, असे त्याने आकड्यांनी दाखवले. चौथा, नियमांच्या अतिरेकाखाली गुदमरलेल्या माणसाचा. याला मात्र त्याने केवळ एका तळटीपेत जागा दिली. आपल्या देशात ती तळटीप मोठे प्रकरण होऊ शकते. त्याकडे पुढे येतो.

येथे एक अडचण सांगावयास हवी. हे सगळे आकडे सरकारी नोंदींचे. नोंद करणारा कोण? १९९६ साली दोन संशोधकांनी नेदरलँड्समधील १९०५ ते १९१० या काळातील मृत्यूंच्या नोंदी पुन्हा तपासल्या. ‘आकस्मिक मृत्यू’ आणि ‘कारण अस्पष्ट’ या सदरांखाली कॅथलिकांचे मृत्यू प्रॉटेस्टंटांपेक्षा लक्षणीय अधिक निघाले. ते हिशेबात धरले तर दोन पंथांतील फरक बहुतेक उरतच नाही. म्हणजे कॅथलिक लोक कमी आत्महत्या करीत होते असे नसून, त्या कमी लिहिल्या जात होत्या, असा संशय बळावतो.

मला याचे आश्चर्य वाटले नाही. माझी आजी आपल्या माहेरची एक गोष्ट सांगे. गावच्या दफनभूमीच्या भिंतीबाहेर एक कोपरा होता. विधीविना पुरलेली माणसे तेथे असत. ना घंटा, ना मिस्सा. आजीच्या एका चुलतभावाचे असेच काही बरेवाईट झाले. तेव्हाच्या वृद्ध फादरनी घरच्यांना फार विचारले नाही. नोंदवहीत ‘ताप’ असे लिहिले आणि त्याला भिंतीच्या आत जागा दिली. आजी म्हणे, “फादर खोटे लिहिणारे नव्हते. एवढेच एक लिहिले.” समाजशास्त्राच्या दृष्टीने ती नोंद चुकीची होती. माझ्या आजीच्या घराण्यात मात्र त्या एका शब्दावर दोन पिढ्या मान वर करून चालल्या.

ही भिंत मुळात उभी राहिली कशी, याची कथा विलक्षण आहे. बायबलमध्ये शौल राजाचा आणि यहूदाचा मृत्यू सांगितला आहे, पण त्या कृत्यावर स्वतंत्र असा निवाडा दिलेला नाही. निवाडा दिला तो संत ऑगस्टीन यांनी. ४१० साली रोम शहर लुटले गेले, अनेक ख्रिस्ती स्त्रियांवर बलात्कार झाले, आणि काही लोक त्या स्त्रियांनाच विचारू लागले की अब्रू गेल्यावर तुम्ही जिवंत कशा राहिलात. ऑगस्टीन यांनी उत्तर दिले की पाप अत्याचार करणाऱ्याचे आहे, त्या स्त्रियांचे नाही. आणि मनुष्यवधाची मनाई स्वतःलाही लागू आहे. म्हणजे जगण्याचा अधिकार नाकारल्या गेलेल्या स्त्रियांच्या बाजूने हा युक्तिवाद प्रथम केला गेला. पुढे त्याच युक्तिवादाचा दंडुका झाला. सहाव्या शतकातील धर्मपरिषदांनी अंत्यविधी नाकारले आणि राजांनी मृताची मालमत्ता जप्त केली. इंग्लंडमध्ये ही जप्ती १८७० पर्यंत कायद्यात होती.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी तीन कारणे दिली: हे कृत्य निसर्गदत्त आत्मप्रेमाविरुद्ध आहे, समाजाचे नुकसान करणारे आहे, आणि प्राण ही देवाची देणगी असल्याने ती परत घेण्याचा हक्क आपला नाही. अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूमने या तिन्हींवर हल्ला केला. त्याचा निबंध त्याच्या हयातीत दडपला गेला आणि मृत्यूनंतर १७७७ मध्ये बाहेर आला. कांटने १७८५ मध्ये वेगळी वाट धरली: दुःखातून सुटण्यासाठी स्वतःला संपवणारा माणूस स्वतःला केवळ साधन म्हणून वापरतो, असे त्याने म्हटले. या वादात मी कांटच्या बाजूचा आहे. तथापि हे सर्व विचारवंत एक गोष्ट गृहीत धरतात. ती ही की माणूस शांतपणे, दोन्ही बाजू तोलून निर्णय घेतो. आज मानसोपचाराला जे कळले आहे त्यावरून असा शांत निर्णय विरळाच. बहुतेकांच्या मनात शेवटपर्यंत दोन्ही ओढी असतात, आणि कठीण घटका टळली की पुष्कळ माणसे पुढे पूर्ण आयुष्य जगतात.

ख्रिस्तसभेने हे उशिरा, पण स्वीकारले. १९१७ च्या धर्मविधिसंहितेत जाणूनबुजून प्राण देणाऱ्यांना ख्रिस्ती दफन नाकारलेले होते. १९८३ च्या संहितेत ती तरतूद राहिली नाही. १९९२ च्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथात कृत्य गंभीर दोषाचेच मानले आहे, परंतु तीव्र मानसिक व्याधी, यातना किंवा भीती यांनी माणसाची जबाबदारी कमी होते असे सांगितले आहे, आणि अशा व्यक्तीच्या तारणाविषयी निराश होऊ नये असेही म्हटले आहे. हा ग्रंथ माझ्याच कपाटात होता. त्या मुलाने विचारले त्या दिवशीही होता.

कायद्याचा प्रवास असाच झाला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील ३०९ वे कलम प्रयत्नातून वाचलेल्या माणसाला शिक्षा सांगे. मुंबईतील एका मनोरुग्ण पोलीस शिपायाच्या प्रकरणात १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तसेच म्हटले आणि १९९६ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने ते फिरवले. अखेर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य सरकारवर टाकले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत जुने कलम नाही. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे.

आता ती तळटीप. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाप्रमाणे २०२२ साली भारतात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. कारणांत सर्वांत वर ‘कौटुंबिक समस्या’ आहेत, सुमारे ३२ टक्के. बळी पडलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक गृहिणी होत्या. कुटुंब हे कवच आहे, हे दुर्खीमचे म्हणणे आपण आनंदाने मान्य करतो. पण त्याच कवचात कोणी गुदमरत असेल तर त्याला ते सांगायलाही दुसरे ठिकाण नसते. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्या भाषणांत हे येत नाही.

जुन्या करारात एलिया संदेष्टा थकून वाळवंटात एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. त्याला प्रवचन कोणी ऐकवीत नाही. देवदूत त्याला हलवून उठवतो, भाकरी व पाण्याचे भांडे पुढे ठेवतो. तो खाऊन पुन्हा झोपतो, आणि पुन्हा उठवून त्याला जेवू घातले जाते. पुढची वाट त्यानंतर सांगितली जाते. वर्गात हा उतारा मी अनेकदा शिकवला होता. ‘तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का,’ असे सरळ विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, हे आता डॉक्टर सांगतात. मीही पूर्वी उलटेच समजत असे. ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. आमच्या शाळेच्या सूचनाफलकावर तो क्रमांक लिहिला आहे.

गेल्या ऑक्टोबरात मी त्या मुलाला बोलावले. तो आता दहावीत आहे. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा दिले नाही, ही माझी चूक झाली असे सांगितले आणि ग्रंथातील ते पान त्याच्यापुढे उघडून ठेवले. त्याने ते दोनदा वाचले. मग विचारले, “म्हणजे बाबांच्या नावाने मिस्सा ठेवता येईल?” मी म्हणालो, “येईल.” २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, चर्चच्या दाराशी नावांची यादी ठेवतात. त्यात त्याने वडिलांचे नाव स्वतःच्या अक्षरात लिहिले.