अंगावर उड्या मारणारा मोती

मुलांनो, एखाद्या घराचे फाटक उघडताच आतला कुत्रा धावत येतो, पाहुण्याच्या अंगावर उड्या मारतो, मोठमोठ्याने भुंकतो, हे तुम्ही पाहिले असेल. घरातील माणसे "मोती, नको! मोती, खाली!" असे ओरडत त्याच्या मागे धावतात. मोती आणखी उड्या मारतो. पाहुण्याचे कपडे मातीने भरतात. सोबत लहान मूल असेल तर ते पडते आणि घाबरून रडू लागते. असे चार-पाच वेळा झाले, की मोतीला साखळीने बांधतात. बांधलेला मोती दिवसभर भुंकतो. शेजारी तक्रार करतात. शेवटी एके दिवशी त्याला दूर नेऊन सोडून देतात. घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्त्यावर अन्न शोधता येत नाही, वाहनांपासून जीव वाचवता येत नाही.

खरे पाहता मोती वाईट नव्हता. त्याला कोणी काही शिकवलेच नव्हते. किंवा असे म्हणू या, की सर्वांनी मिळून त्याला चुकीचे शिकवले होते.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी कुत्रा नसेल. पण शेतावर, गोदामावर, शेळ्यामेंढ्यांच्या कळपाबरोबर राखणीसाठी कुत्रा असतोच. शिकवलेल्या शिकारी जनावरांचा उल्लेख कुरआन शरीफच्या सूरह माइदामध्येही आहे. कुत्र्याला शिकवता येते, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

कुत्रा कसा शिकतो, हे समजण्यासाठी रशियातील एका शास्त्रज्ञाची माहिती घेऊ. त्यांचे नाव इव्हान पावलॉव्ह. त्यांचा मूळ विषय होता अन्नाचे पचन. याच कामासाठी त्यांना 1904 साली नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्याच्या तोंडात लाळ किती सुटते, हे ते मोजत असत. तेव्हा त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. अन्न तोंडात पडण्यापूर्वीच, अन्न आणणारा माणूस दिसताच, कुत्र्यांना लाळ सुटते! मग त्यांनी अन्न देण्याआधी दर वेळी एक ठरावीक आवाज ऐकवला. काही दिवसांनी नुसता तो आवाज ऐकूनही कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटू लागले. कशानंतर काय मिळते, हे कुत्रा बरोबर ध्यानात ठेवतो. आपण ध्यानात ठेवत नाही, ही अडचण आहे.

आता पुन्हा मोतीकडे वळू. मोती लहान पिल्लू असताना उडी मारायचा, तेव्हा सगळे हसत. कोणी त्याला उचलून घेई, कोणी बिस्किट देई. उडी मारली की लाड होतात, हे तो शिकला. आता तो मोठा झाला. लोक त्याला ढकलतात, ओरडतात. पण मोतीला तेही खेळच वाटते. कोणीतरी आपल्याकडे पाहिले, हात लावला, एवढे त्याला पुरते.

म्हणून उपाय उलटा आहे. मोतीने उडी मारली की ओरडू नका. हात छातीशी घ्या, पाठ फिरवा आणि स्वस्थ उभे राहा. त्याचे चारही पाय जमिनीवर टेकले, की लगेच शाबासकी द्या, खाऊचा छोटा तुकडा द्या. 'लगेच' म्हणजे एक-दोन सेकंदांत. उशिरा दिलेले बक्षीस कशाबद्दल होते, ते कुत्र्याला कळत नाही.

येथे एक सूचना महत्त्वाची आहे. तुम्ही लक्ष देणे बंद केले, की सुरुवातीला मोती पूर्वीपेक्षा जास्त उड्या मारील. जुनी युक्ती चालत नाही म्हणून तो ती अधिक जोराने करून पाहतो. बहुतेक लोक नेमके याच वेळी हार मानतात आणि म्हणतात, "हा सुधारणार नाही." त्या वेळी तुम्ही ओरडलात, तर आणखी जोराने उडी मारावी, एवढेच तो शिकेल. घरातील सर्वांनी काही दिवस धीर धरला पाहिजे. एकाने पाठ फिरवावी आणि दुसऱ्याने लाड करावेत, असे चालणार नाही.

मारून हे काम होत नाही. मार खाणारा कुत्रा भितो, आणि भ्यालेला कुत्रा चावतो.

यानंतर त्याला बसायला शिकवा. खाऊचा तुकडा त्याच्या नाकाजवळ धरा आणि हात हळूहळू डोक्यावरून मागे न्या. त्याची मान वर होते आणि तो आपोआप खाली बसतो. बसताच खाऊ द्या. काही वेळा असे झाल्यावर बसण्याआधी एक शब्द उच्चारा. कोणता शब्द? अब्बा म्हणतात "बैठ", भाईजान म्हणतात "सिट", शेजारचे काका म्हणतात "बस". बिचारा कुत्रा काय करील? त्याला भाषा कळत नाही, आवाज कळतो. शब्द कोणताही चालेल, पण तो सर्वांचा एकच हवा. तुमच्या घरी "बस" हा शब्द मात्र निवडू नका. मराठीत त्याचा अर्थ 'खाली बस' असा होतो, पण उर्दूत आपण 'पुरे' म्हणायलाही "बस, बस!" म्हणतो. मोतीचा गोंधळ उडेल. रोज दोन-तीन वेळा, पाच-दहा मिनिटे सराव पुरेसा आहे.

दिवसभर बांधलेल्या तरुण कुत्र्याची शक्ती कोठे जाणार? त्याला सकाळी आणि सायंकाळी फिरवून आणा. वाटेत त्याला मनसोक्त हुंगू द्या. उन्हाळ्यात दुपारी नेऊ नका, कारण आपल्यासारखा सर्वांगाला घाम त्याला येत नाही. तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंग थंड करतो.

आता आहार. आहार बदलला म्हणजे मोती एका दिवसात शांत होईल, असे नाही. पण नुसती चहात बुडवलेली बिस्किटे खाणाऱ्या कुत्र्याचे पोषण होत नाही. चहा तर देऊच नये. त्यातील कॅफीनने कुत्रा बेचैन होतो. चपाती, भात त्याला पचतो. 2013 साली शास्त्रज्ञांना असे आढळले, की पिष्टमय अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात जास्त असतात. तरीही चपातीबरोबर उकडलेले अंडे किंवा मांस हवे. खाटकाकडे मिळणारे उरलेले तुकडे स्वस्त पडतात, पण ते मीठमसाला न घालता चांगले उकडून द्या. कच्च्या तुकड्यांतून कुत्र्याला जंत होतात आणि काही जंत माणसापर्यंत पोहोचतात. थोडा उकडलेला भोपळा किंवा गाजरही चालते.

दावतीत उरलेली बिर्याणी मोतीला देण्याचा मोह होतो. तो टाळा. कांदा आणि लसूण यांमुळे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट होतात. शिजवलेली हाडे फुटून त्यांचे टोकदार तुकडे आतड्यात रुततात. द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट हेही कुत्र्याला विषासारखे आहेत. नवा आहार एकदम सुरू करू नका. आठवडाभरात जुने अन्न कमी करत नवे वाढवा, नाहीतर जुलाब होतात. मोठ्या कुत्र्याला दिवसातून दोनदा ठरलेल्या वेळी खायला द्या. पाणी मात्र नेहमी भरलेले असावे. खाऊची भांडी ठेवण्याआधी त्याला बसायला सांगा, म्हणजे सराव आणि जेवण एकदमच होईल.

मोतीला पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीजची लस टोचून घ्या आणि डॉक्टर सांगतील त्या वेळी ती पुन्हा द्या. एखादा कुत्रा अचानक वेगळाच वागू लागला, त्याच्या तोंडातून सारखी लाळ गळू लागली, तो विनाकारण चावू लागला, तर ते शिकवण्याचे काम नव्हे. त्याच्याजवळ जाऊ नका, मोठ्यांना सांगा. कोणताही कुत्रा चावला किंवा त्याचा दात लागून ओरखडा उठला, तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्या. जखमेवर हळद किंवा मिरची लावत बसू नका.