डोक्यातील उवा : ओळख, उपाय व प्रतिबंध

शाळेत जाणाऱ्या मुलाच्या डोक्यात उवा झाल्या म्हणजे घरातील मंडळींस प्रथम लाज वाटते आणि मग घाई होते. लाजेपायी गोष्ट लपविली जाते व घाईपायी उपाय अर्धवट राहतो. उवा पुनःपुन्हा होतात त्याचे कारण बहुधा या दोहोंतच सापडते. या कीटकाचा जीवनक्रम नीट समजून घेतला, तर लाजेचे कारण उरत नाही आणि घाई का चालत नाही हेही कळून येते.

ऊ हा पंखहीन, सहा पायांचा, सुमारे तिळाएवढा कीटक होय. पूर्ण वाढलेल्या उवेची लांबी २ ते ३ मिलिमीटर भरते. तिच्या प्रत्येक पायास आकड्यासारखी नखी असते. त्या नखीने ती केस घट्ट धरते व त्यावरून भराभर सरकते. मात्र तिला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही. एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात ती जाते ती मुख्यतः केसास केस लागले म्हणजे. मनुष्याचे रक्त हेच तिचे अन्न असल्याने डोक्यावरून खाली पडलेली ऊ एकदोन दिवसांतच मरते. कुत्र्यामांजरांवर ती जगत नाही.

मादी दिवसाकाठी सुमारे आठ अंडी घालते. हीच लीख. ती केसाच्या मुळाजवळ चिकट द्रव्याने अशी पक्की जोडलेली असते की, साध्या धुण्याने सुटत नाही. साधारणतः ७ ते १० दिवसांत तीतून पिलू बाहेर पडते आणि तीन वेळा कात टाकून आणखी ९ ते १२ दिवसांत अंडी घालण्याजोगे होते. हा हिशेब वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढील सर्व उपाय यावरच आधारलेले आहेत.

डोके खाजणे ही परिचित खूण खरी, परंतु ती उशिरा दिसते. खाज उठते ती उवेच्या लाळेमुळे, आणि प्रथमच उवा झालेल्या मुलास ती जाणवू लागण्यास चार ते सहा आठवडेही लागतात. म्हणून खाजेची वाट न पाहता कानांच्या मागे व मानेवरील केसांत चांगल्या उजेडात पाहावे. कोंडा बोटाने सहज झटकला जातो, लीख जागची हलत नाही. केस महिन्यास सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. तेव्हा मुळापासून त्याहून दूर असलेली लीख बहुधा रिकामे टरफलच असते. जिवंत, चालणारी ऊ दिसली तरच उपचारास आरंभ करावा.

सर्वांत जुना उपाय फणीचा, आणि तो आजही टाकाऊ झालेला नाही. इस्राएलमधील लाखीश येथे २०१६ साली उत्खननात हस्तिदंताची एक छोटी फणी मिळाली. ती सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीची असावी असा अंदाज आहे. तिच्या एका बाजूस गुंता सोडविण्यासाठी विरळ दाते होते व दुसऱ्या बाजूस उवा काढण्यासाठी दाट दाते. तिजवर उवांचे निर्मूलन व्हावे अशा आशयाचा लेख कोरलेला आहे (तो २०२२ साली प्रसिद्ध झाला), आणि दात्यांत उवेच्या पिलाचे अवशेषही सापडले! आपल्याकडील बारीक दातांच्या फणीची रचना याहून फारशी वेगळी नाही. केस ओले करून, बटा पाडून, मुळापासून टोकापर्यंत फणी फिरवावी आणि दर वेळी ती पांढऱ्या फडक्यावर पुसावी. हे काम तीनचार दिवसांच्या अंतराने निदान दोन आठवडे चालले पाहिजे. खोबरेल तेलाने फणी सुलभ चालते, पण तेलाने उवा खात्रीने मरतात असे मानू नये.

औषधांत एक टक्का परमेथ्रिनचे द्रावण पुष्कळ वापरले जाते. शेवंतीच्या कुळातील एका फुलात असलेल्या कीटकनाशक द्रव्याच्या धर्तीवर ते कृत्रिम रीतीने बनविलेले आहे. तेल धुऊन काढलेल्या, पंचाने टिपलेल्या केसांस ते लावून दहा मिनिटांनी धुवावे. याने उवा मरतात, लिखा मात्र सर्व मरत नाहीत. म्हणून वाचलेल्या लिखांतून पिले निघाल्यावर व ती अंडी घालू लागण्यापूर्वी, म्हणजे सुमारे नवव्या दिवशी, औषध पुन्हा लावावे लागते. ही दुसरी खेप चुकविणारी कुटुंबेच औषधास दोष देतात. अर्थात, काही देशांतील उवा या औषधास दाद देईनाशा झाल्या आहेत हेही खरे. दोनदा लावूनही जिवंत उवा दिसल्यास तेच औषध अधिक न वापरता वैद्यकीय सल्ला घ्यावा. दोन महिन्यांखालील अर्भकास औषध लावू नये, फणीच वापरावी.

घरगुती उपायांपैकी दोहोंबद्दल स्पष्ट निषेध करणे भाग आहे. सीताफळाच्या बियांची पूड कीटकांस मारक असली तरी डोळ्यांसही घातक आहे. ती डोळ्यांत जाऊन बुबुळावरील पारदर्शक पटलास इजा झालेले रुग्ण भारतातील नेत्रवैद्यांनी नोंदविले आहेत. रॉकेल लावलेले केस तर चुलीच्या किंवा दिव्याच्या जवळ जाताच पेट घेऊ शकतात.

घरात एकास उवा आढळल्यास सर्वांची डोकी तपासावीत व ज्यांस जिवंत उवा असतील त्या सर्वांवर एकाच दिवशी उपचार करावेत. एरवी बहिणीच्या डोक्यातील उवा आठवड्याने भावाकडे परततात. गेल्या दोन दिवसांतील उशांचे अभ्रे, पंचे व फण्या कढत पाण्याने धुवाव्यात. सारे घर औषधाने फवारण्याची गरज नाही.

उवा स्वच्छ केसांतही तितक्याच सुखाने राहतात. टायफस ज्वर पसरविणारी ऊ अंगावरील कपड्यांत राहणारी असून तिचे हे कार्य शार्ल निकोल यांनी १९०९ साली सिद्ध केले. डोक्यातील उवेकडून असा रोग पसरत असल्याचे आढळलेले नाही. खाजवून जखमा झाल्या तर त्यांत पू होतो, तेवढ्यापुरती वैद्यकीय मदत घ्यावी. यास्तव मुलास वर्गातून घरी पाठविणे किंवा त्याचे मुंडन करणे अनावश्यक होय. शिक्षकांनी पालकांस खाजगीत कळवावे, आणि पालकांनी शेजारच्या बाकावरील मुलांच्या घरी संकोच न करता सांगावे, म्हणजे तेथील डोकीही त्याच आठवड्यात तपासली जातील.