असेंब्लर अंदाज करीत नाही

३ई ०० ०६ ०५ सी६ ०७ ०५ सी२ ०४ २० ३२ ०ई २० ७६

या चौदा बाइटांकडे पाहून त्यांचा अर्थ सांगता येईल का? इंटेल कंपनीने १९७६ साली बाजारात आणलेल्या ८०८५ या मायक्रोप्रोसेसरसाठी ही एक संपूर्ण आज्ञावली आहे. ती ७ ला ५ ने गुणते. महाराष्ट्रात बारावीच्या संगणकशास्त्रात हा प्रोसेसर अनेक वर्षे शिकवला गेला आहे. अंक षोडशमान पद्धतीतले आहेत, म्हणजे दहा ते पंधरा या संख्यांसाठी ए ते एफ ही अक्षरे वापरली आहेत.

यात ०५ हा बाइट दोनदा आला आहे. पहिल्यांदा तो पाच ही संख्या आहे, तर दुसऱ्यांदा 'बी रजिस्टरमधून एक वजा कर' अशी आज्ञा आहे. प्रोसेसरला हा फरक केवळ क्रमावरून कळतो. माणसाला असे वाचणे जड जाते. म्हणून आपण आज्ञा अक्षरांत लिहितो आणि त्यांचे अंकांत रूपांतर करण्याचे काम असेंब्लर नावाच्या आज्ञावलीवर सोपवतो. हे काम यंत्रावर सोपवण्याची कल्पना जुनीच आहे. केंब्रिज विद्यापीठात १९४९ साली सुरू झालेल्या एडसॅक यंत्रावरही आज्ञा अक्षरांनी लिहिल्या जात.

८०८५ ला गुणाकाराची आज्ञा नाही. त्यामुळे सात पाच वेळा मिळवावे लागतात. ती आज्ञावली अशी :

ओआरजी २०००एच
एमव्हीआय ए, ००एच ; बेरीज शून्य
एमव्हीआय बी, ०५एच ; पाच वेळा
पुन्हा: एडीआय ०७एच ; सात मिळवा
डीसीआर बी ; एक फेरी कमी
जेएनझेड पुन्हा ; बी शून्य नसल्यास मागे
एसटीए उत्तर ; बेरीज साठवा
एचएलटी
उत्तर: डीएस १
एंड

येथे आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. संगणकावर त्या रोमन अक्षरांत लिहाव्या लागतात.

प्रत्येक ओळीत जास्तीत जास्त चार भाग असतात. सुरुवातीला नाव आणि त्यापुढे विसर्गासारखी दोन टिंबे, मग आज्ञा, मग ती आज्ञा ज्यावर चालायची ती रजिस्टरे किंवा संख्या, आणि अर्धविरामानंतर माणसासाठी टिप्पणी. टिप्पणी असेंब्लर सोडून देतो. ओआरजी, डीएस आणि एंड यांपासून प्रोसेसरसाठी एकही आज्ञा तयार होत नाही. त्या असेंब्लरला दिलेल्या सूचना आहेत. कोणत्या पत्त्यापासून मांडणी करायची, किती जागा राखून ठेवायची आणि कोठे थांबायचे, एवढेच त्या सांगतात.

आता एक अडचण पाहू. 'एसटीए उत्तर' या ओळीपाशी पोचल्यावर 'उत्तर' ही जागा कोठे आहे हे असेंब्लरला कसे कळावे? ती तर अजून पुढे आहे. यावर उपाय म्हणजे मजकूर दोनदा वाचणे. पहिल्या वाचनात तो फक्त बाइट मोजतो. आरंभ २००० ला. दोन एमव्हीआय प्रत्येकी दोन बाइटांच्या, म्हणून 'पुन्हा' येते २००४ ला. एडीआय दोन बाइटांची, डीसीआर एक, जेएनझेड तीन, एसटीए तीन आणि एचएलटी एक बाइटाची. बेरीज केली की 'उत्तर' २००ई ला येते. ही नावे आणि त्यांचे पत्ते तो एका तक्त्यात लिहून ठेवतो. दुसऱ्या वाचनात तक्ता पाहून बाइट लिहितो. पत्त्याचा खालचा अर्धा भाग आधी लिहायचा अशी ८०८५ ची रीत आहे. म्हणून २००४ हा पत्ता वरच्या माळेत ०४ २० असा दिसतो.

संख्येच्या शेवटी येणारे 'एच' हे अक्षर विद्यार्थी अनेकदा शोभेचे समजतात. मात्र १०एच म्हणजे सोळा, १०बी म्हणजे द्विमान पद्धतीतले दोन, आणि नुसते १० म्हणजे दहा. संख्येची सुरुवात अंकानेच व्हावी हा नियमही असाच गरजेतून आला आहे. एफएफएच असे लिहिले तर ती दोनशे पंचावन्न ही संख्या की कोणी ठेवलेले नाव, हे ठरवता येत नाही. पहिले चिन्ह अक्षर दिसले की असेंब्लर ते नाव समजतो. म्हणून संख्या लिहिताना पुढे शून्य देऊन ०एफएफएच असे लिहायचे.

एफएफएच लिहिल्यास निदान 'असे नाव सापडले नाही' अशी तक्रार तरी येते. खरा धोका असतो तो तक्रार न येणाऱ्या चुकीचा. समजा, सात दाहे सत्तर करायचे आहेत आणि विद्यार्थ्याने बी मध्ये १० ऐवजी १०एच भरले. असेंब्लर काहीच म्हणणार नाही. सात सोळा वेळा मिळवले जातील आणि उत्तर एकशे बारा येईल. ट्रेनर किटच्या पडद्यावर उत्तर षोडशमान पद्धतीत दिसते. एकशे बारा हे त्या पद्धतीत ७० असे लिहितात! विद्यार्थी पडद्यावर ७० पाहून समाधानाने उठेल. ज्याने बरोबर १० लिहिले त्याला मात्र पडद्यावर ४६ दिसेल आणि आपलेच चुकले असे वाटेल. शिक्षकाने नुसते पडद्याकडे पाहून गुण दिले, तर चुकीला शाबासकी मिळेल आणि बरोबर उत्तर खोडले जाईल.

ही चूक उघडी पाडायला दहाऐवजी बाराने गुणायला सांगावे. १२एच भरणाऱ्याच्या पडद्यावर ७ई येईल, ८४ नव्हे. मग 'हे ई कोठून आले?' हा प्रश्न विद्यार्थी स्वतःच विचारील.

हे सगळे नियम असेंब्लर लिहिणाऱ्यांनी ठरवलेले आहेत, प्रोसेसरने नव्हे. झायलॉग कंपनीच्या १९७६ च्याच झेड८० प्रोसेसरसाठी 'एमव्हीआय ए, ०५एच' ऐवजी 'एलडी ए, ०५एच' असे लिहितात. दोन्हींपासून बाइट मात्र तेच मिळतात, ३ई ०५. प्रोसेसरला दोन्ही शब्द ठाऊक नाहीत.

आम्ही असे सुचवू की, संगणकापाशी जाण्यापूर्वी वर्गात ही दोन्ही वाचने हाताने करून घ्यावीत. फळ्याच्या एका बाजूला पत्ते, मध्ये बाइट, दुसऱ्या बाजूला आज्ञा अशी मांडणी करावी. बहुतेक असेंब्लर मागणी केल्यास अशीच यादी छापून देतात. स्वतःची मांडणी त्या यादीशी ताडून पाहिली, की नियम पाठ करण्याची गरज उरत नाही. आपल्या मनात काय होते ते असेंब्लर कधीच ओळखत नाही. आपण काय लिहिले तेवढेच ती यादी दाखवते, आणि तपासायचे असते तेही तेवढेच.