जनुकानंतरचा कारखाना

मानवी इन्सुलिनची कथा सांगताना आपण जनुकापाशी सुरुवात करतो आणि बहुधा तिथेच थांबतो. १९७८ साली कॅलिफोर्नियातल्या जेनेनटेक या नवख्या कंपनीने आणि सिटी ऑफ होप या संशोधन केंद्राने इन्सुलिनची जनुके रसायनांपासून जोडून ई. कोलाय जिवाणूत घातली. जिवाणूने हुकूम पाळला आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये एलाय लिलीच्या ‘ह्युम्युलिन’ला अमेरिकेत परवानगी मिळाली. या कथेत खोटे काही नाही, पण तिचा तोल चुकलेला आहे. जिवाणूने दिले ते औषध नव्हतेच. ते औषधाचा कच्चा माल होते, आणि तोही बराच ओबडधोबड. त्या मालातून टोचता येईल असे काही काढणे हे या धंद्यातले निम्म्याहून अधिक काम आहे आणि त्याच्याकडे फारसे कोणी बघत नाही.

आधी प्रथिनाच्या घडणीकडे पाहू. इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्ले असतात. एका साखळीत २१, दुसरीत ३०. दोन्ही साखळ्या गंधकाच्या दोन बंधांनी जोडलेल्या, आणि तिसरा बंध लहान साखळीच्या पोटात. सुरुवातीला दोन साखळ्या वेगवेगळ्या जिवाणूंत बनवून नंतर भांड्यात जोडत. पुढे प्रोइन्सुलिन ही अखंड साखळी बनवून ती कापण्याचा मार्ग रूढ झाला. पण जिवाणूला घाई असते. तो हे परके प्रथिन नीट न दुमडता न विरघळणाऱ्या गोळ्यांच्या रूपात पेशीत कोंबून ठेवतो. मग पेशी फोडायच्या, गोळे वेगळे करायचे, युरियासारख्या द्रावणात विरघळवून साखळी पार उलगडायची आणि पुन्हा दुमडू द्यायची. गंधकाचे सहा हात तीन जोड्यांत एकूण १५ प्रकारे गुंतू शकतात. त्यातला एकच प्रकार बरोबर. द्रावण दाट ठेवले तर रेणू एकमेकांनाच चिकटतात, म्हणून ते पातळ करावे लागते, आणि पातळ करायचे म्हणजे अवाढव्य टाक्या आल्या. यीस्ट हे दुमडण्याचे काम स्वतःच करते आणि माल पेशीबाहेर सोडते. नोव्हो नॉर्डिस्कने पावाचे यीस्ट निवडले. मुंबईच्या वोकहार्टने २००३ साली ‘वोसुलिन’ आणले आणि बंगळूरच्या बायोकॉनने पुढच्याच वर्षी ‘इन्सुजेन’, तेही यीस्टच्याच दुसऱ्या जातींच्या जोरावर. तरीही साखळी कापायची आणि गाळायची राहतेच.

हे गाळणे म्हणजे गाळणी लावणे नव्हे. जिवाणूची प्रथिने, त्याचा डीएनए, ताप आणणारे त्याच्या भिंतीचे तुकडे ही बाहेरची घाण विद्युतभाराच्या फरकावर चालणाऱ्या कॉलममध्ये, म्हणजे द्रव्ये वेगळी करणाऱ्या भरीव नळकांड्यात, बरीचशी मागे राहते. अवघड असते ती घरची घाण, म्हणजे जवळजवळ इन्सुलिनच असलेले रेणू. आम्लात ठेवलेल्या इन्सुलिनच्या लहान साखळीतले शेवटचे, एकविसावे अमिनो आम्ल, अस्पॅराजिन, आपला अमोनिया गमावते आणि रेणूच्या वजनात जेमतेम एका डाल्टनचा फरक पडतो. तांदळात तांदळाच्याच रंगाचा, त्याच आकाराचा खडा असावा, तसे हे. तो निवडायला तेलकटपणाच्या सूक्ष्म फरकावर चालणारा कॉलम लागतो. त्यातून माल उतरताना आलेखावर टेकाड उमटते. टेकाडाचा कुठला भाग ठेवायचा आणि कुठला सोडायचा, यात नफा आणि शुद्धता समोरासमोर येतात. माझ्या मते या धंद्याची खरी कारागिरी तिथे आहे.

कोणी म्हणेल, डुकराच्या आणि गाईच्या इन्सुलिनवर साठ वर्षे निघाली, मग एवढा सोवळेपणा कशाला? उत्तर त्याच साठ वर्षांत आहे. डुकराचे इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनपेक्षा एका अमिनो आम्लाने वेगळे, गाईचे तिनांनी. टोचल्या जागी पडणारे खड्डे आणि रक्तात वाढणारी प्रतिपिंडे यांचा दोष या परकेपणावर ढकलला जाई. पण १९७०च्या दशकात तेच प्राणिज इन्सुलिन कॉलममधून काढून विकले जाऊ लागले आणि दोन्ही तक्रारी बऱ्याच घटल्या, मानवी जनुक बाजारात येण्याआधी! उलट मानवी इन्सुलिनवरही काही प्रमाणात प्रतिपिंडे तयार होतातच. जनुकाने मुख्यतः दिला तो पुरवठा: एक पौंड इन्सुलिनला आठ हजार पौंड स्वादुपिंडे लागत, असा तेव्हाचा हिशेब सांगितला जाई. स्वच्छता आली ती कॉलममधून.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तयार कुपीच काटेकोर तपासली तर प्रक्रियेची चिंता कशाला? तांबड्या पेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनचे उदाहरण पाहा. युरोपात विकल्या जाणाऱ्या ‘एप्रेक्स’मधून १९९८ साली मानवी अल्ब्युमिन काढून त्या जागी पॉलिसॉर्बेट ८० घालण्यात आले. प्रथिन तेच. पण पुढच्या काही वर्षांत मूत्रपिंडाच्या काही रुग्णांच्या शरीराने औषधाविरुद्ध आणि त्याबरोबर स्वतःच्या एरिथ्रोपोएटिनविरुद्धही प्रतिपिंडे बनवली. तांबड्या पेशींची निर्मितीच थांबली. संशयितांमध्ये सिरिंजच्या रबरी बुचातून पाझरणारी द्रव्येही होती. नेमक्या कारणावर आजही एकमत नाही, आणि मुद्दा तोच आहे: जे शोधायचे हे ठाऊक नसते, ते तपासणीत सापडत नाही.

मात्र ‘प्रक्रिया म्हणजेच उत्पादन’ हे या उद्योगाचे आवडते वाक्य स्पर्धकांना दाराबाहेर ठेवायलाही कामी येते, आणि तिथे मी त्याला मान डोलावणार नाही. इन्सुलिन लहान आहे, त्यावर एरिथ्रोपोएटिनसारख्या शर्करेच्या फांद्या नाहीत, ते बारकाईने मोजता येते. ग्लार्जिन या रचना बदललेल्या इन्सुलिनचे मूळ औषध ई. कोलायमध्ये बनते, बायोकॉनचे यीस्टमध्ये. तरी जुलै २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बायोकॉनचे ग्लार्जिन मूळ औषधाच्या जागी परस्पर देता येण्याजोगे ठरवले. याच ग्लार्जिनमध्ये एक गंमत आहे. ते कुपीत आम्लातच ठेवावे लागते, म्हणून त्याच्या रचनाकारांनी लहान साखळीच्या शेवटचे ते नाठाळ अस्पॅराजिनच काढले आणि तिथे ग्लायसिन बसवले. जो खडा कॉलमला निवडावा लागे, तो पडण्याची जागाच जनुकातून गेली.