येळवस केली, रानाला काय दिलं?

मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे आपली वेळ अमावस्या, येळवस. लातूर जिल्ह्यात अन् नांदेडच्या काही भागात या दिवशी गाव ओस पडतं, रान माणसांनी भरतं. कडब्याच्या कोपीत पाच पांडव मांडायचे, भज्जी, उंडे अन् आंबिलीचा नैवेद्य दाखवायचा, पिकावर आंबील शिंपडायची. गडी, शेजारी, वाटसरू, सगळ्यांना आग्रहानं जेवू घालायचं. काळ्या आईनं दिलं, त्यातलं थोडं तिला परत करायचं, हा त्यामागचा भाव.

पण शेतकरी बंधूंनो, विष्णुपुरीच्या उपशाच्या पाण्यावर ऊस पिकतो, अन् तोड झाली की कित्येक फडांत पाचटाला काडी लागते. आंबील शिंपडलेल्या हातानंच आईच्या तोंडचा घास जाळायचा का?

हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं. खोडव्यात बुडखे मोकळे ठेवून ते सरीत पसरा. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट अन् १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकून पाणी द्या. ओल टिकते, सेंद्रिय कर्ब वाढतो.

यंदा पंगतीला ऊसतोड मजुरांनाही बोलवा. अन् कोपीसमोर हात जोडताना एवढंच ठरवा, पाचट जाळायचं नाही. रानाला तोच खरा नैवेद्य.