राजीनाम्यापूर्वीचे गणित

आयुर्वेदाचे अनेक पदवीधर आज औषधी कंपन्यांत नोकरी पत्करतात. कोणी वैद्यकीय प्रतिनिधी म्हणून गावोगाव हिंडतो, कोणी उत्पादन विभागात काम करतो, तर कोणी गुणवत्ता तपासणीत. काही वर्षे लोटली की यांतील अनेकांच्या मनात एक विचार बळावतो : दुसऱ्याच्या नावाची औषधे खपविण्यापेक्षा आपल्या गावी परतून स्वतःची औषधनिर्मिती का करू नये? नांदगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी हा प्रश्न आम्हांस वारंवार ऐकावयास मिळतो. विचारणाऱ्याचा राजीनामा बहुधा लिहून तयारच असतो. या उमेदीचे आम्ही मनापासून स्वागत करतो. मात्र राजीनामा देण्याची वेळ कोणती, याचा विचार आधी व्हावा, एवढेच आमचे सांगणे आहे.

महाराष्ट्राच्या उद्योगेतिहासात या विचारास उपयोगी पडेल असे एक ठळक उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखाटन शिकवीत असत. बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थास ती जागा देण्यात आली, आणि लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. ही कथा सांगताना आपण स्वाभिमानाच्या प्रसंगावर भर देतो, तो योग्यच आहे. परंतु त्यामागील तयारी सहसा सांगितली जात नाही. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला आरंभ १८८८ सालच्या बेळगावातील सायकलच्या दुकानापासून मोजतो. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली खरेदी करून पाठवीत आणि बंधू रामूअण्णा बेळगावात त्या विकीत. म्हणजे नोकरीचा दरवाजा बंद होण्यापूर्वी धंद्याचा दरवाजा उघडलेला होता, आणि गावी दुकान सांभाळणारा विश्वासू माणूसही होता.

पुढचा भाग अधिक विचार करण्याजोगा आहे. त्यांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमिनीस विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. सुमारे दोन वर्षे त्या नांगरास गिऱ्हाईक मिळाले नाही. नांगर निकृष्ट नव्हता. त्याच्यावरील विश्वास निर्माण व्हावयाचा होता. त्यानंतर बेळगावातील जागाही सोडावी लागली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जमीन व कर्जाऊ रक्कम दिली, आणि १९१० साली कुंडलजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. उत्तम माल तयार असूनही विक्रीविना दोन वर्षे काढावी लागली, तर आपला संसार चालेल काय, हा प्रश्न प्रत्येकाने राजीनाम्यापूर्वी स्वतःस विचारावा.

आपल्या व्यवसायात या प्रश्नास आणखी एक बाजू आहे, ती औषधांच्या वीर्यकालाची. शार्ङ्गधराने चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनंतर, गुटिका व अवलेह यांचे एका वर्षानंतर क्षीण होते, असे सांगितले आहे. याउलट आसव, धातू व रस जुने झाल्याने अधिक गुणवान होतात. कायद्यानुसार वेष्टनावर छापावयाची मुदत चूर्णासाठी याहून बरीच अधिक आहे. तथापि नव्या उत्पादकाने शास्त्रकारांचे हे वचन भांडवलाच्या दृष्टीनेही वाचावे. चूर्णास यंत्रसामग्री थोडी लागते, म्हणून नवखा उत्पादक प्रथम चूर्णाकडेच वळतो. परंतु न खपलेल्या चूर्णात गुंतलेला पैसा महिन्यागणिक हलका होत जातो. आसवारिष्टांचे तसे नाही. मात्र त्यांत संधानाचा काळ, पात्रे, जागा व स्वयंजनित मद्यार्काविषयीचे नियम यांचा भार येतो. म्हणून सुरुवातीस तीन-चारच कल्प निवडावेत, चूर्णे लहान घाण्यांत व मागणी पाहूनच करावीत.

परवान्याविषयीही स्पष्टता हवी. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० अन्वये स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या वैद्यास उत्पादन परवान्यातून सूट आहे. तेच औषध दुकानदारास विकावयाचे झाले, तर परवाना अनिवार्य होतो. २००० सालापासून अनुसूची ‘टी’मधील उत्तम निर्मिती पद्धतीचे निकष लागू आहेत : जागा, स्वच्छता, कच्च्या मालाची परीक्षा, नोंदवह्या आणि पूर्णवेळ तज्ज्ञ देखरेख. कंपनीत असताना हा सारा खर्च पगारपत्रकात दिसत नाही, स्वतःच्या हिशेबवहीत मात्र पहिल्याच महिन्यात उतरतो. ज्यांच्याकडे एवढे भांडवल नाही, त्यांना लोन लायसन्सचा मार्ग खुला आहे. दुसऱ्या परवानाधारकाच्या कारखान्यात आपली औषधे तयार करून घेता येतात. बाजारपेठ पारखून मग स्वतःचा कारखाना उभारणे त्यामुळे शक्य होते.

नोकरीत असतानाच ही तयारी करावयाची, तर नियुक्तिपत्र नीट वाचावे. अन्य व्यवसाय करण्यास त्यात मनाई असेल, तर ती पाळलीच पाहिजे. कंपनीची ग्राहकयादी अथवा निर्मितीचे पाठ सोबत नेणे हे तर चौर्यच होय. परंतु बचत करणे, नियम अभ्यासणे, जागा पाहणे, कच्च्या मालाचे भाव टिपणे यांस कोणाची आडकाठी नसते.

शेवटी विक्रीविषयी. आमच्या नांदगावच्या इतिहासातच याचा एक पाठ आहे. मुंबईहून वेरूळची लेणी पाहावयास निघालेले प्रवासी एके काळी नांदगाव स्थानकावर उतरून टांग्याने पुढे जात. १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे, निजामाच्या राज्यातील रेल्वे सुरू झाली आणि त्या प्रवाशांचा मार्गच बदलला. टांगेवाल्याच्या सेवेत उणीव नव्हती. ज्या एका वाटेवर त्याचा धंदा उभा होता, ती वाट दुसरीकडे वळली. एकाच घाऊक विक्रेत्यावर अथवा एकाच वैद्यमित्राच्या शिफारशीवर उभा असलेला औषधनिर्माता त्या टांगेवाल्याहून वेगळा नाही. त्यातच आपला तालुका अवर्षणप्रवण. कांद्याचे पैसे हाती आले की उधारी फिटते, भाव पडले की वर्षभर थकते. औषधविक्रेत्या बंधूंना हे सांगावयास नको. म्हणून पगाराच्या तारखेवर बसविलेला हिशेब येथे चालत नाही. तो सुगीच्या चक्रावर बसवावा लागतो.

तेव्हा राजीनामा देऊ इच्छिणाऱ्या तरुण वैद्यांस आमचे सांगणे इतकेच : दोन वर्षांचा घरखर्च बाजूला ठेवावा, तीन-चार कल्प सिद्ध करावेत, निदान तीन स्वतंत्र विक्रीमार्ग जोडावेत, आणि गावी पाठीशी उभा राहणारा एक रामूअण्णा शोधावा. गावोगावच्या औषधविक्रेत्यांनीही अशा नवोदिताचा माल घेतला, तर त्याचे पैसे ठरल्या मुदतीत द्यावेत. त्याचा धंदा टिकणे अथवा बुडणे पुष्कळदा त्या एका गोष्टीवर अवलंबून असते.