मॅकॅडेमिया : बहर आणि फळ

आंब्याचा वृक्ष मोहोराने झाकून गेला, तरी त्यातील फारच थोड्या फुलांची फळे होतात, हे सर्वांस ठाऊक आहे. मॅकॅडेमिया या कठीण कवचाच्या फळवृक्षातही हीच विषमता आढळते. बहर विपुल येतो. परंतु शंभर फुलांपैकी तीनसुद्धा पक्व फळापर्यंत पोहोचत नाहीत. असे का व्हावे, हे त्याची वाढ व फुलण्याची रीत पाहिल्यास उमगते.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडचा आग्नेय भाग व न्यू साउथ वेल्सचा ईशान्य भाग येथील वर्षावने हे या वृक्षाचे मूलस्थान होय. तेथील आदिवासी त्याची फळे पिढ्यान् पिढ्या खात आले. फेर्डिनांट फोन म्यूलर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये जॉन मॅकॅडम यांच्या नावावरून या प्रजातीचे नामकरण केले. तिच्यात चार जाती असून त्यांपैकी दोहोंची व त्यांच्या संकरांची लागवड होते.

हा वृक्ष सदाहरित आहे. एका लागवडीच्या जातीत प्रत्येक पेरावर बहुधा तीन, तर दुसरीत चार पाने वर्तुळाकार येतात. प्रत्येक पानाच्या बगलेत एकाखाली एक असे तीन डोळे असतात. वाढ अखंड चालत नाही. पालवी टप्प्याटप्प्याने फुटते. तिचे मुख्य बहर वसंतात व उन्हाळ्याच्या अखेरीस येतात. फुले मात्र कोवळ्या पालवीवर न येता बहुतांशी जून झालेल्या फांद्यांवर, पर्णसंभाराच्या आतील बाजूस येतात. कलमी झाडास चार-पाच वर्षांत फळ धरू लागते. बियांपासून वाढविलेल्या रोपास याहून अधिक काळ लागतो.

रात्री थंड होऊ लागल्या, म्हणजे ऑस्ट्रेलियात मे-जूनच्या सुमारास, डोळ्यांत फुलोऱ्याचे बीज धरते. त्यानंतर हे डोळे काही आठवडे निश्चल राहतात. मग तुरे लांबू लागतात व ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, तेथील वसंतारंभी, फुले उमलतात. लोंबत्या तुऱ्यावर शंभर ते तीनशे फुले असतात. एका जातीची फुले मलईसारखी पांढरी, तर दुसरीची बहुधा गुलाबी असतात.

फुलाची रचना विलक्षण आहे. कळी उमलण्यापूर्वीच परागकोश फुटून आपले पराग स्त्रीकेसराच्या टोकावर ठेवतात. त्याच टोकाशी असलेली कुक्षी मात्र उमलल्यानंतर एक-दोन दिवसांनी परागग्रहणास योग्य होते. शिवाय स्वतःच्या परागाने फलधारणा फारशी होत नाही. म्हणून दुसऱ्या वाणाचे पराग आणून पोहोचविणाऱ्या मधमाश्यांवर पीक अवलंबून राहते. ऑस्ट्रेलियातील नांगी नसलेल्या देशी माश्याही हे कार्य करतात.

फलधारणा झाली, तरी पहिल्या आठ-दहा आठवड्यांत कित्येक कोवळी फळे गळतात. उरलेली सुमारे पंधरा आठवड्यांत पूर्ण आकाराची होतात. नंतर गरात तेल साठत जाते. पक्व गरात त्याचे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक असते. फुलल्यापासून सहा-सात महिन्यांनी फळ पिकून बहुधा आपोआप खाली पडते.

यावरून बागायतदारास मिळणारा धडा स्पष्ट आहे. एकाच वाणाची सलग लागवड बहराने कितीही शोभली, तरी परक्या परागावाचून तिचे उत्पन्न घटते. जवळपास दुसरे वाण लावणे व मधमाश्यांचे रक्षण करणे हाच त्यावरील उपाय होय.

वाणांची विविधता मात्र मुळात अरण्यातून येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा वृक्ष हवाई बेटांत नेण्यात आला आणि तेथे निवडलेले वाण पुढे अन्य देशांत पसरले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासात या वाणांचा वंश क्वीन्सलंडमधील जिंपी शहराजवळच्या मोजक्या वृक्षांपर्यंत पोहोचतो, असे आढळले. रोग, उष्णता व अवर्षण यांना तोंड देणारे नवे गुण वन्य वृक्षांतूनच मिळू शकतात; आणि जंगलतोडीमुळे तेच विरळ झाले आहेत. त्यांचे जतन हे म्हणूनच उद्याच्या बहराचेही जतन ठरते.